उतावळ्या फेऱ्या

बुधवार, १९ जून

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तर त्या सकाळी मी वॉशिंग मशीन नुकतंच लावलं होतं, चहाची भांडी विसळून पालथी घातली होती आणि उशांचे अभ्रे बदलत होते, तेवढ्यात ह्यांनी कपड्यांच्या कपाटातून डोकं बाहेर काढलं. "मशीन बंद कर." केलं. "पंखा." तोही केला. "फ्रीज." फ्रीजचं बटण बंद केलं. मग मी विचारलं, "मी श्वास घेऊ का?" "घे," म्हणाले, "पण माझ्या शब्दांच्या मध्ये नको." आणि दार आतून ओढून, शर्टांच्या मध्ये बसून, एकेक शब्द माइकमध्ये बोलत राहिले. चावी. पायरी. दोरा. आरसा. मी अभ्रे मांडीवर घेऊन पलंगावर निमूट बसले. एवढा थोराड माणूस कपाटात बसून गंभीरपणे 'दोरा' म्हणतो आहे, याचं हसू दाबताना माझं पोट दुखलं.

हे सगळं तुझ्या मधल्या भावाच्या प्रयोगशाळेसाठी चाललं होतं, हे तुला आठवत असेल. आता ह्यांना जाऊन दोन वर्षं होत आली आणि तू मला लिहितेस, "मधल्याने दादाच्या आवाजाचं चीज केलं. वहिनी, तू सही करून टाक आणि हा अबोला संपव." चीज! ठमे, तू त्या खोलीत नव्हतीस. असतीस तर हा शब्द तुझ्या पेनातून उतरला नसता. समोर मी तुझ्या भावाला भाऊजीच म्हणते आणि अहो-जाहो करते. या पत्रात तो 'तो' आहे. तेवढी मोकळीक मला दे.

प्रयोग म्हणजे काय, ते माझ्याकडून ऐक. त्याच्याकडून ऐकलंस तर झोप लागेल. माणसाला कॉम्प्युटरसमोर बसवतात, कानांवर हेडफोन चढवतात. पडद्याच्या मधोमध अधिकचं चिन्ह येतं. मग कोणाचा तरी आवाज एक शब्द बोलतो. आवाज ओळखीचा असला तर उजवं बटण दाबायचं, परका असला तर डावं. आवाज सुरू झाल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला ते कॉम्प्युटर टिपून ठेवतो. ही झाली एक फेरी. अशा फेऱ्यांची लांबलचक रांग असते. कुठली फेरी कधी यावी, मध्ये किती थांबावं, माणूस चुकला तर काय करावं, हे सगळं जिच्यात लिहून ठेवतात तिला स्क्रिप्ट म्हणतात. त्या प्रयोगशाळेतली प्रत्येक स्क्रिप्ट ह्यांनी लिहिली आहे. तुझ्या मधल्या भावाला त्यातला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे करता येत नाही. त्याच्या लेखांच्या अगदी शेवटी, संदर्भांच्याही खाली, बारीक अक्षरांत 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' असं असतं. नावसुद्धा नाही. मी वाचले आहेत ते लेख. नववीत शाळा सुटलेली बाई लेख वाचते याची त्याला भारी गंमत वाटते. "आमच्या वहिनी काहीही वाचतात हो," असं तो पाहुण्यांना सांगतो, "अगदी साबणाच्या वेष्टनासकट." खरं आहे. आत काय भरलंय ते वेष्टनावर तरी खरं लिहिलेलं असतं.

जेवताना हे मला कामातलं काहीबाही सांगायचे. एकदा म्हणाले, काही माणसं उतावळी असतात, आवाज यायच्या आधीच अंदाजाने बटण दाबून मोकळी होतात. ती फेरी धरायची नाही. बाद करायची आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायची, म्हणजे ती पुन्हा येते.

"आणि पुन्हा आधीच दाबलं तर?"

"तर पुन्हा शेवटी."

"मग तो माणूस तिथेच म्हातारा होईल."

"इतकं खुळं कोणी नसतं गं," म्हणाले, आणि भात वाढून घेतला. किती वेळा पुन्हा आणायची याला त्यांनी मर्यादा घातलीच नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "वहिनी, अर्ध्या तासाचं काम आहे. आवाज ऐकायचे आणि बटण दाबायचं. घरचं माणूस असलं की बरं पडतं." कोणाचे आवाज, ते सांगितलं नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर प्रयोग बिघडला असता." म्हणजे मी बिघडले तर हरकत नव्हती.

ती खोली म्हणजे एक खोकं आहे. भिंतींना करडा फोम, गादीसारखं जाड दार, एक चाक मोडलेली खुर्ची. ह्यांच्या जागेवर आता एक पन्नाशीची बाई आहे, चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर चष्मा शोधणारी. तिने मला हेडफोन नीट बसवून दिले. सुरुवातीचे आवाज परके होते. एक बाई 'पायरी' म्हणाली, एक घोगरा माणूस 'आरसा' म्हणाला. मी डावं बटण दाबत गेले. मग पुन्हा चिन्ह आलं, आणि माझ्या कानात ह्यांनी श्वास घेतला.

तुला आठवतं का गं, फोनवर 'हॅलो' म्हणायच्या आधी तुझा दादा नाकाने एक छोटा श्वास घ्यायचा आणि घशात बारीक 'टक्' व्हायचं? तोच. तो ह्यांनी कापला नव्हता. श्वास कापला की शब्द लंगडा ऐकू येतो, म्हणायचे. घड्याळ तेवढं शब्दापासून सुरू होईल अशी खूण करून ठेवली होती. माझं बोट श्वासावरच पडलं. त्यानंतर 'दोरा' ऐकू आला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: खूप लवकर. मग एक परका आवाज, मग पुन्हा हे, पुन्हा लाल अक्षरं.

परक्यांचे शब्द एकेक करून मोजले गेले आणि संपले. ह्यांचे तेवढे बाद होऊन मागे जात राहिले. थोड्या वेळाने त्या रांगेत दुसरं कोणी उरलंच नाही. चावी, दोरा, पायरी, पुन्हा चावी. मी आणि हे.

तेवढ्यात दार उघडलं. आपले प्राध्यापक, म्हणजे तुझा मधला, आणि त्याच्या मागे दोन पाहुणे. माझ्या एका कानावरचा हेडफोन सरकवून तो म्हणाला, "वहिनी, काय चाललंय? आवाज येऊ द्या की आधी! सूचना नाही वाचल्या? सगळं वाचता ना तुम्ही?" पाहुणे हसले. यजमानाकडे बघून, त्याला बरं वाटावं म्हणून.

चष्मेवाली बाई हसली नाही. तिच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, या अंदाजाने दाबत नाहीयेत. परक्यांच्या आवाजाआधीही श्वास आहे, तिथे बरोबर थांबल्या आहेत. फक्त या एका माणसाच्या श्वासावर दाबतायत."

ठमे, तुझ्या दादाला शेवटचं नेलं तेव्हा ज्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती, तो चेहरा त्या क्षणी उजळला. "श्वास!" म्हणाला. "शब्दाच्याही आधी! वहिनी, तुम्ही काय केलंत याची तुम्हाला कल्पना नाही." आणि लगेच पाहुण्यांकडे वळून शीर्षकच सांगायला लागला, वियोग आणि ओळख आणि आणखी काहीतरी. मी एका कानाला हेडफोन लावून मध्ये बसलेली. पाणी हवं का, असं त्या तिघांपैकी एकाने विचारलं नाही. त्या बाईने आणून दिलं.

आता त्याला काय हवंय ते ऐक, कारण तुला त्याने अर्धंच सांगितलेलं दिसतं. उद्या हाच प्रयोग पुन्हा करायचा, मोठ्या पाहुण्यांसमोर. एकदा दिसलं म्हणजे शोध होत नाही म्हणे, दुसऱ्यांदा तसंच दिसावं लागतं. तसं दिसलं की ह्यांचे नुसते श्वास वेगळे कापून काढायचे आणि ते इतर प्रयोगशाळांना वापरायला द्यायचे. त्यासाठी माझी सही हवी. नाही केली तर ह्यांच्या आवाजाच्या सगळ्या फाइली पुसाव्या लागतील, तसा नियम आहे. मी विचारलं, "भाऊजी, घरी ठेवायला एक प्रत मिळेल?" तर म्हणाला, "ती संस्थेची मालमत्ता आहे, वहिनी." सख्ख्या भावाच्या आवाजाबद्दल हे वाक्य बोलताना तो चहात बिस्किट बुडवत होता. ते तुटून कपात पडलं तेव्हा मात्र हळहळला.

घरात दुसरं काही नाही, हे तुला ठाऊक आहे. कोणी मोबाइल समोर धरला की हे उठून पाणी प्यायला जायचे. दुनियेचे आवाज निगुतीने साठवणाऱ्या माणसाचा घरात एक 'हॅलो' नाही. तेव्हा हिशेब सरळ आहे. सही केली तर आवाज राहील, पण त्याच्या मुठीत. नाही केली तर कुठेच राहणार नाही.

तू म्हणशील, दिला दुसऱ्यांना तर वाईट काय? जरा विचार कर. कुठल्या कुठल्या गावची माणसं तशाच खोक्यांत येऊन बसतील. तुझा दादा त्यांच्या कानात श्वास घेईल आणि ती जांभई देत डावं बटण दाबतील. परका. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, परका, परका.

इथपर्यंत लिहून मी उठले आणि कपडे वाळत घालून आले. इतका वेळ एक गोष्ट लिहायची टाळत होते.

पहिल्या काही फेऱ्यांना माझं बोट आपोआप पडलं, हे खरं. नंतर ते आपोआप पडत नव्हतं. मी पाडत होते. आधी दाबलं की फेरी परत येते, हे मला जेवणाच्या टेबलावर शिकवलेलं होतं. शब्द नीट ऐकून बटण दाबलं असतं तर तो मोजला गेला असता आणि पुन्हा आला नसता. मला एकही मोजू द्यायचा नव्हता. प्राध्यापक ज्याला शोध म्हणून मिरवतो आहे तो निम्मा एका बाईचा हट्ट आहे, आणि हे ओळखायला त्याला माझ्या तोंडाकडे एकदा बघणं पुरलं असतं. पण माणसांच्या मनाचा अभ्यास करणारा हा गृहस्थ माणसांकडे बघत नाही, पडद्याकडे बघतो.

आणखीही सांगते. उद्याची तारीख ठरल्यापासून मी तिची वाट बघते आहे. ज्याच्या खोलीत पाऊल ठेवायची किळस येते त्याच्याच खोलीत जाऊन बसायला माझा जीव अधीर झाला आहे. उद्या त्याला हवं तसं दाबलं तर तो मला परवाही बोलावील, पुढच्या महिन्यातही बोलावील. शेपूट हलवत जाईन मी. त्याच्याबद्दल मला जे वाटतं त्यातलं थोडं आज स्वतःबद्दल वाटतं आहे. तुझ्याशिवाय हे कोणाला सांगणार?

पत्र आज पाकिटात घालत नाही.

शुक्रवार

गुरुवारी गेले. पाहुणे भिंतीला लागून खुर्च्या टाकून बसले होते. त्याने माझी ओळख करून दिली, "याच त्या," अशी. नात्याचं नाव घेतलं नाही.

चिन्ह आलं. ह्यांनी श्वास घेतला. मी हात बटणावरून उचलून मांडीवर ठेवला. 'आरसा' म्हणाले. शेवटच्या काना-मात्रेपर्यंत ऐकलं आणि मग उजवं बटण दाबलं. लाल अक्षरं आली नाहीत. फेरी मोजली गेली. मग एक परका, मग 'चावी'. प्रत्येक शब्द असा पुरता ऐकला, एकेकदाच. परक्यांना जेवढा वेळ लावला तेवढाच ह्यांना लावला. शब्द संपेपर्यंत हात दर वेळी मांडीवर घट्ट दाबून धरला. एकही शब्द परत आला नाही. रांग संपली आणि पडद्यावर 'आभारी आहोत' आलं.

"वहिनी, असं कसं?" तो पाहुण्यांकडे बघत, मला दबक्या आवाजात म्हणाला. "त्या दिवशी तर..."

"सूचना वाचल्या, भाऊजी."

एक पाहुणा घड्याळ बघून उठला. प्राध्यापक त्याच्यामागे जिन्यापर्यंत काहीतरी समजावत गेला. मी संमतीचा कागद ओढून घेतला आणि त्यातल्या 'नकार'च्या खाली सही केली. चष्मेवाल्या बाईने तो दोनदा वाचला. "पुसायच्या आधी एकदा ऐकायचंय?" तिने विचारलं. मी नको म्हटलं. ती पुसत होती तोवर शेजारी उभी राहिले, आणि घरी आले.

मधल्याला माझा काही निरोप नाही.

तुझी,
आणि तुझ्या दादाचीच,
वहिनी