बेटावरून आल्यापासून एसी बंद

शुक्रवार, २३ ऑगस्ट २००२. अबुधाबी

डेन्मार्कच्या त्या इवल्याशा बेटावर चार दिवस काय राहून आलो, वीज वाचवायची म्हणून नवऱ्याने आमच्या घरातला एसी बंद केला. सुनीलच्या ऑफिसातल्या येन्सचं ते गाव. पवनचक्क्या, सायकली, सगळं छानच होतं, नाही कशाला म्हणू? येन्सची म्हातारी आई सारखी म्हणायची, दार लावा, ऊब बाहेर जाते. सुनीलला त्या वाक्याचं कोण कौतुक. पण तिथे ऑगस्टमध्ये मी स्वेटर घालून बसले होते. इथे गीझर बंद असतानाही नळाला कढत पाणी येतं.

आज सुट्टी, म्हणून याने सकाळीच खिडक्याही उघडल्या. दुपारपर्यंत गाद्यांवर वाळू. मुलगी म्हणाली, "पपा, इट्स फॉर्टी फोर डिग्रीज." हा म्हणतो, "होते सवय." आणि पुन्हा म्हातारीचं ते ऊब-पुराण. जेवल्यावर "जरा चालून येतो" म्हणून बाहेर पडला. भर दुपारी? मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला याच्या.

चारला दही संपलं म्हणून मी खाली ग्रोसरीत गेले. बिल्डिंगच्या मागे आमची गाडी उभी. इंजिन चालू, काचा बंद, आत सीट आडवी करून साहेब गाढ झोपलेले. मी काचेवर टकटक केली. काच दोन बोटं खाली आली.

"पटकन बोल," म्हणाला, "गारवा बाहेर जातोय."