दोचुलाच्या घाटात

आमा, तुझ्या यांगचेनचा थिंफूहून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, पोटभर जेवते. सरकारी योजनेतली बॅटरीची टॅक्सीही छान चालते. थंडीत चार्ज जरा लवकर उतरतो, एवढंच.

परवा पुनाखाहून एका अडलेल्या बाईला इथल्या इस्पितळात आणत होते. बर्फ पडत होतं. दोचुलाच्या घाटात चार्ज संपत आला. योजनेतलं चार्जिंग स्टेशन वाटेत उभं होतं, पण त्यात वीजच आली नव्हती! मी त्या बाईला म्हणाले,

"ताई, हीटर बंद केला तरच माथा गाठू."

कळा सोसत ती म्हणाली, "कर बंद! मीच तापलेय." सोबत आलेल्या तिच्या नवऱ्याने अंगातला घोचा जाड झगा काढून तिच्यावर घातला आणि स्वतः कुडकुडत तिला धीर देत राहिला.

कसाबसा माथा गाठला. पुढे उतारावर फिरत्या चाकांनीच बॅटरी थोडीथोडी भरत नेली, आणि इस्पितळात पोचलो. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

नंतर तिचा नवरा मला म्हणाला, "गाडीला आवाज नाही, म्हणून माझं बोलणं तिला ऐकू येत होतं."

बाबांचा गुडघा कसा आहे? ही टॅक्सी घ्यायला सगळे नको म्हणत होते, आमा. तू एकटी "घे" म्हणालीस, म्हणून मी त्या घाटात होते.

तुझीच,
यांगचेन