गोल उभं राहून बोलायचं

१० फेब्रुवारी

करिष्मा आजही गप्प! तिसऱ्यांदा. पोडियमपाशी उभी केली, तर नुसती फरशी बघत राहिली. मागची पोरं फिदीफिदी हसली आणि मी — इंग्रजी संभाषण शिकवणारी दीक्षा मॅडम — चक्क ओरडले, "अरे, कुछ तो बोलो!" काय पण शिकवणं!

चोवीसला तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरचे. बोलली नाही तर नापास, आणि नापास झाली तर कॅम्पस इंटरव्ह्यूला बसता येणार नाही.

११ फेब्रुवारी

तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. आधी हिंदीत चाचरली, मग एकदम मराठीच निघाली! इथल्याच बोरसी वस्तीतली, आपल्यातलीच, मराठी घरातली. "मले सारं येते मॅडम. पोडियमपाशी गेली का घसाच बंद होते." डोळे भरले होते तिचे. कालच्या ओरडण्याची इतकी लाज वाटली मला!

१२ फेब्रुवारी

पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाबांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "तिले एकटीले सामने कावून उभी करून राहिली तू? प्लांटमध्ये शिफ्टच्या आधी आमचा टूलबॉक्स टॉक राहे. सारे गोल उभे. रोज एकाची पाळी. आज कुठं धोका हाये, तेवढंच सांगाचं. दोन मिनिटं."

एमए, बीएड, बारा वर्षं नोकरी — आणि हे मला सुचू नये!

१६ फेब्रुवारी

बाकं भिंतीला लावली. सगळे गोल उभे, मीही त्यांच्यात. एक पोरगा पावर हाउस चौकात रस्ता ओलांडण्याबद्दल बोलला, एक हॉस्टेलच्या गीझरबद्दल. मग करिष्माची पाळी. थांबली, ओढणी चाचपली, आणि घरच्या गॅसच्या जुन्या नळीबद्दल बोलली. इंग्रजीत. दीड मिनिट! कोणी हसलं नाही.

वर्गाला म्हटलं, ही माझ्या बाबांची पद्धत. ते चौतीस वर्षं असंच बोलत आले.

२० फेब्रुवारी

आजही बोलली. पूर्ण दोन मिनिटं.

२४ फेब्रुवारी

सुटले बाई! गोल उभं राहायचं म्हटल्यावर परीक्षकांनी नाक मुरडलं, पण राहिले. करिष्माला वीसपैकी सतरा! बाहेर येऊन माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. हुडको वसाहतीच्या कोपऱ्यावर समोसे घेतले, दोन तर स्कूटरवर बसूनच खाल्ले. कितीतरी दिवसांनी इतकं हलकं वाटतंय.

२५ फेब्रुवारी

बाबांना गुण सांगितले. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "त्या गोलात माझी पाळी आली का मी सुट्टी टाकत होतो. चौतीस वर्सं. एकदाबी नाई बोललो. त्या पोरीले घरी घेऊन ये. मले विचाराचं हाये, पहिला शब्द कसा काढला तिनं."