नासका नारळ

मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज देवळात आईचा नारळ गुरवकाकांनी फोडला, तो नासका निघाला. काका म्हणाले, "बरं झालं. पोरीवरचं देवाने स्वतःवर घेतलं." गेल्या मंगळवारी नारळ चांगला निघाला, तेव्हा म्हणाले होते, "देवाने ऐकलं." म्हणजे नारळ कसाही निघो, देव बरोबरच. मग चुकतं कोण? चार वर्षांची चिमी?

दादाची ही पोर महिनाभर मुंबईला इस्पितळात आहे. तिने कोणाचं काय वाकडं केलंय, असं आईला विचारलं. "मागल्या जन्माचं असेल काही," आई हळूच म्हणाली. माझं डोकंच फिरलं. जो जन्म तिला आठवतसुद्धा नाही, त्याच्यासाठी तिला सुया टोचायच्या? माणसाने असं केलं असतं तर त्याला आपण दारात उभं राहू दिलं नसतं. आई रडली. तेवढं बोलायला नको होतं. पण खोटं काय बोललो?

आत्ताच दादाचा फोन आला. उद्या ऑपरेशन. आईला सकाळी देवळात न्यायला अजून एक नारळ हवा. देवबिव काही नाही, असं पुटपुटत पडवीत गेलो आणि वाडीतून आणलेल्या ढिगातला एकेक नारळ कानाशी धरून हलवत बसलो. चांगला वाजणारा सापडेपर्यंत उठलो नाही.