विचारल्यावाचून सांगू नये

९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एका घोर अन्यायाची वार्ता तुझ्या कानी घालावी म्हणून हे पत्र. महाविद्यालयाने माझे टेबल नेले. मी रजेवर नव्हतो, चक्क तासाला उभा होतो. दोघे हमाल आले, त्यांनी अदबीने चष्म्याचा डबा माझ्या हातात ठेवला आणि टेबल उचलले. इतकी वर्षे माझे तर्कशास्त्र त्या टेबलाला टेकून उभे होते, हे मला त्या क्षणी कळले. आता मी डबा हातात धरून वर्गभर हिंडतो. पोरांना वाटते, सर वर्गणी मागायला आले.

कारण असे की आम्ही विद्यार्थीकेंद्री झालो आहोत. खोलीला आता पुढची बाजू नाही, खुर्च्यांना चाके आहेत आणि मी प्राध्यापक नसून सुलभक आहे. प्राचार्यबाई बैठकीत म्हणाल्या की यापुढे केंद्रस्थानी विद्यार्थी. परिघाने बसायचे कुठे, असे मी विचारले. कोणी हसले नाही. सांख्यिकीच्या तरुण सरांनी तर ते टिपून घेतले.

थट्टा राहू दे. मनातून मला हे पटलेले आहे. पाठ करून परीक्षेत ओकणारी पिढी घडवण्यात माझाही हातभार आहे, आणि त्याचा मला कंटाळा आला होता. म्हणून नवी नियमावली लिहिणाऱ्या समितीत मी आपण होऊन गेलो. तिचे पहिले कलम माझे आहे : विद्यार्थ्याने विचारल्यावाचून शिक्षकाने सांगू नये. हजेरी नाही, बोलावणे नाही, ज्याला जे हवे त्याने ते मागावे. ऐकून सर्वांनी बाके वाजवली असती, पण बाकेही नेलेली होती.

तुझी भिंगरी इथे रुळली आहे. वरची खोली तिने आपली करून घेतली, जेवते नीट, सकाळी वेळेवर निघते. नातेवाइकाने मार्गदर्शक होऊ नये असा दंडक असल्यामुळे महाविद्यालयात ती सांख्यिकीच्या सरांकडे आहे. घरीही मी माझे कलम पाळतो, अभ्यासाचा शब्द काढत नाही. तुझी भावजय विचारते की भाची आणली आहे की भाडेकरू. तिला शिक्षणशास्त्र समजत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


२१ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं टेबल गेल्याचं वाचून खूप हसले, मग वाईट वाटलं. लहानपणी तुझी पाटी कोणी हलवली तरी तू जेवायचा नाहीस.

मला तुमचं काही नवीन वाटलं नाही रे. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवसापासून चाक शिकणाऱ्याच्याच हातात असतं. मी नुसती शेजारी बसते. फक्त माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे, तो तुमच्याकडे कुठे बसवलाय ते कळव. परवा एका बँकवाल्याने गाडी थेट फळवाल्याच्या हातगाडीवर नेली होती. त्याने मला काही विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं. बरंच सांगितलं.

भिंगरीचा दर रविवारी फोन येतो. किती भरभरून बोलते. गोल करून बसतो, गट पाडतो, एक मुलगी नदीच्या पाण्यावर काम करतेय, एकजण जुन्या घरांच्या खिडक्यांवर, आणि कसे भांडतात, कसे हसतात. मी यांना म्हटलं, आपली पोर खरी शाळा आत्ता बघतेय. आठवतं ना, प्रश्न विचारून विचारून घर डोक्यावर घ्यायची, म्हणून तर भिंगरी नाव पडलं. तू तिथे आहेस म्हणून मी इथे निर्धास्त झोपते.

वहिनीची दाढ दुखते असं भिंगरी म्हणाली, तिला म्हणावं दाखवून घे, अंगावर काढू नकोस. माया आहे, ती धर.

ताई


१६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आले असते. पण फोनवर तू रडशील आणि मी व्याख्यान देईन. म्हणून लिहितो. भिंगरी घरी आहे, वरच्या खोलीत निजली आहे, हे आधी वाच आणि मग पुढे जा.

मंगळवारी तुझी भावजय दाढ दाखवायला मोठ्या दवाखान्यात गेली. बाह्यरुग्णांच्या लांबलचक खोलीत, खिडकीपाशी, दप्तर मांडीवर घेऊन भिंगरी बसली होती. हिने हाक मारली नाही. शेजारी जाऊन बसली. बऱ्याच वेळाने भिंगरी आपण होऊन म्हणाली की मामी, इथे बसलेल्याला कोणी काही विचारत नाही, प्रत्येकाला वाटतं ही कोणाच्या तरी सोबत आली असेल. ती रोज तिथेच जात होती. पहिले काही दिवस वगळले तर महाविद्यालयात ती गेलेलीच नाही.

मी सांख्यिकीच्या सरांना गाठले. त्यांनी कौतुकाने सांगितले की तुमची भाची पूर्ण स्वयंप्रेरित आहे, तिला माझी गरजच पडली नाही. बाकीच्या सुलभकांना ती दुसऱ्या कोणाच्या तरी खोलीत असेल असे वाटत होते. यात कोणी खोटे बोलत नाही, ताई. सगळे कलम पाळत होते.

झाले ते असे. पहिल्या आठवड्यात गोल करून प्रत्येकाने आपल्याला काय शिकायचे आहे ते सांगायचे होते. एकीला नदी हवी होती, एकाला खिडक्या. भिंगरीला काही सुचेना. तिने सरांना विचारले की तुम्हीच सांगा ना, मी काय घेऊ. सर हसून म्हणाले की वाट तुझी तुलाच शोधायची आहे. मग ती माझ्या खोलीत आली होती. मामा, तुम्ही काय शिकवता, असे तिने विचारले. मी म्हणालो, आधी तू सांग, तुला काय शिकायचंय. उत्तर मला इतके नेमके वाटले की संध्याकाळी समितीत उदाहरण म्हणून सांगितले.

मामीला ती म्हणाली की सगळ्यांच्या आत काहीतरी आहे, माझ्या आत बघितलं तर काहीच नाही. रविवारी तुला सांगायची ते त्या पहिल्या आठवड्यात ऐकलेले, आणि उरलेले त्या खिडकीपाशी बसून रचलेले.

लोभ मागायला आज तोंड नाही.

धाकटा


२० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

फोनवर ती म्हणाली, आई तू येऊ नकोस आणि मला नेऊही नकोस, तिथे आले की सगळ्यांना सांगावं लागेल. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून गाडीत जाऊन बसले. पाय ब्रेकवर होता. गाडी चालू नव्हती.

तुझ्यावर रागावू कशी? मी दर रविवारी तिचा आवाज ऐकत होते आणि खूश होत होते. आई आहे मी तिची.

एक कर. तिला आता काही विचारू नकोस, नुसतं सांग. काहीही सांग. तू कॉलेजात असताना मला ताप आला की तू तुझं तर्कशास्त्र ऐकवायचास, धूर आणि डोंगर आणि काय काय. मला काही कळायचं नाही, पण कोणीतरी बोलतंय एवढं बरं वाटायचं. तसं सांग.

ताई


५ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे रोज दुपारी तिच्याजवळ बसून सांगतो. अनुमान म्हणजे काय, धुरावरून अग्नी कसा ताडायचा, फसवा पुरावा कसा ओळखायचा. ती ऐकते. मध्ये थांबलो तर हो म्हणते. दूध दिले तर पिते, कप विसळून ठेवते. डॉक्टरीणबाईंकडे दोनदा नेऊन आणले, गोळ्या चालू आहेत. त्या म्हणाल्या की वेळ लागेल, आणि एकटी सोडू नका.

महाविद्यालयात मी माझे कलम काढून टाका म्हणून उभा राहिलो. निदान रोज एकदा प्रत्येकाचे नाव घेऊन हाक तरी मारू या, म्हटले. सगळे फार चांगले वागले. प्राचार्यबाईंचे डोळे भरून आले. मग ठरले की अबोल विद्यार्थ्यांसाठी जिन्याखाली एक शांत कोपरा करायचा, मऊ गाद्यांचा, आणि तिथे कोणी कोणाला त्रास द्यायचा नाही. माझे कलम राहिले. ते आता इतर महाविद्यालयेही घेणार आहेत म्हणे, खाली माझे नाव घालून. मी वाद घालू शकलो असतो. तर्काने त्यांचे काहीच चुकत नव्हते.

तू फोनवर विचारलेस, तिचे वर्ष वाया जाईल का. जाईल. पुढचेही जाईल कदाचित. ती पुन्हा कधी काही शिकेल की नाही, याचा विचार मी सोडून दिला आहे.

काल सुताराला बोलावून वरच्या खोलीची आतली कडी काढून घेतली. भिंगरी जिन्यात उभी राहून बघत होती. सुतार निघून गेला, दाराला चार भोके राहिली. कडी का काढली, हे तिने विचारावे म्हणून मी तिथेच रेंगाळत राहिलो. तिने विचारले नाही. बाजूने वाट काढून आत गेली आणि दार लोटून घेतले.

ताई, ती नको म्हणाली असली तरी तू ये. तुझी भावजय रात्री तिच्या खोलीत निजते, मी जिन्यात बसतो, आणि तरीही आम्ही दोघे पुरे पडू असे मला वाटत नाही. तिच्या शिक्षणाची मला काळजी नाही. ती जगेल ना, एवढीच आहे.

तुझा,
धाकटा