वाफ न येणारा वाडगा

बाबा,

एक गोष्ट तुमच्या भोजनालयात रोज घडत होती आणि तिचं कारण तिथे कोणी विचारत नव्हतं. साध्या वरणाची वाटी समोर आली की तिच्यातून वाफ निघताना दिसते आणि आपण आपसूक फुंकर मारतो. लाल तेलाचा तवंग असलेला तर्रीचा रस्सा मात्र पुढ्यात आला तरी शांत असतो, वाफेची एक रेघसुद्धा नाही. नवखा माणूस निर्धास्तपणे भाकरीचा तुकडा बुडवतो आणि जीभ पोळून घेतो. जास्त गरम पदार्थ थंड का दिसावा? मी लहान असताना अशीच पोळले होते आणि भर गिऱ्हाइकांत रडले होते. तुम्ही डाव हातात घेऊन आलात आणि आधी रागावलात. "वरून काय पाहतेस? खालून हालव ना!" मग माझ्याच वाटीत चमचा तळापर्यंत घालून तुम्ही एकदा रस्सा ढवळलात, आणि इतकी वाफ उसळली की माझं रडणं थांबलं. त्यानंतर प्रत्येक लहान मुलाची वाटी तुम्ही स्वतः ढवळून देत होतात. मोठ्यांना नुसतं सांगत होतात, "खालून हालवा, बाप्पा."

याचं उत्तर मी आता दरवर्षी व्हँकुव्हरजवळच्या बर्नाबीतल्या कॉलेजात शिकवते आणि ते शिकवताना मला अजूनही पहिल्या दिवसाइतकाच आनंद होतो. गरम पाण्याची उष्णता मुख्यतः पृष्ठभागावरून जाते. पाण्याचे कण हवेत उडतात, जाताना उष्णता घेऊन जातात, आणि थंड हवेत त्यांचे बारीक थेंब झाले की आपण त्याला वाफ म्हणतो. म्हणजे वाफ दिसणं ही निवण्याची खूण आहे. पाण्यावर तेलाचा अखंड थर असला की कणांना बाहेर पडायला वाटच उरत नाही आणि तेल स्वतः इतक्या सहज उडत नाही. त्यामुळे वर काही दिसत नाही आणि आत फारसं काही कमी होत नाही. तुम्हाला हे फळ्यावर आकृती काढून सांगायला मला फार आवडलं असतं. तुम्ही मधेच उठून चूल पाहायला गेला असतात, हेही मला माहीत आहे.

इथे व्हँकुव्हरच्या जुन्या वस्तीत, चायनाटाउनच्या कडेला, एक व्हिएतनामी दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, खिडकीला लागून फळी आणि काही स्टुलं. पदार्थ तीनच आहेत: फो नावाचं शेवयांचं निवळ सूप, ह्वे नावाच्या गावचं लाल तिखट सूप, आणि लोणच्याच्या भाज्या भरलेला कुरकुरीत पाव. पदार्थ कमी, पातेली मोठी, वाया काही जात नाही. म्हणूनच या महागड्या शहरात नागपूर-पुण्याहून आलेली, दोन-दोन शिफ्ट करणारी पोरं तिथे पोटभर जेवू शकतात. तुमच्या हिशेबाचं गणितही हेच होतं. मालकीण साठीच्या पुढची आहे. माझी मुलगी तिला "को" म्हणते, त्यांच्याकडे आत्याला म्हणतात तसं. मी गाईचं मांस खात नाही हे को जाणते, म्हणून माझ्यापुढे कोंबडीचा फो येतो. माझी मुलगी लाल सूप घेते आणि त्यात काय काय आहे ते मी विचारत नाही. त्या लाल सुपावर, बाबा, थेट तुमच्यासारखी तर्री असते.

परवा शनिवारी मी तिथे जेवायला गेले नव्हते, सांगायला गेले होते. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. ती दुरुस्त करायची आहे, छाती उघडून, उद्या मंगळवारी. मुलगी परीक्षेच्या गडबडीत होती आणि वेगळी राहते, तेव्हा आज नको, उद्या सांगू, असं मी करत राहिले. निघताना तुमच्या जावयांनी दारातच अडवलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "आज तू सांगितलं नाहीस तर संध्याकाळी मी फोन करणार. तिला माझ्याकडून कळावं असं वाटतं का तुला?" मी स्कायट्रेनमध्ये बसून वाक्य जुळवत होते. एकही वाक्य पूर्ण होत नव्हतं.

मुलगी दुकानात माझ्याआधी पोचलेली आहे. कोट काउंटरपुढच्या स्टुलावर टाकून माझी जागा धरून ठेवली आहे. "लवकर बोल हं आई, दोन वाजता माझी लायब्ररीत ग्रुप मीटिंग आहे." को दोन वाडगे आणून ठेवते, माझ्या फोमधून वाफ येते आणि तिच्या लाल वाडग्यातून येत नाही. आणि मी, बाबा, बोलायला सुरुवात करते: बघ, फोवर तेलाचे सुटे सुटे डोळे तरंगतात, त्यांच्यामधून पाणी उघडं राहतं, म्हणून वाफ, तुझ्याकडे मात्र सलग थर आहे. मी कागदी रुमालावर आकृती काढते. बाण दाखवते. काउंटरमागून को हसत म्हणते, "तुझी आई एक वाडगा घेते आणि अख्खं लेक्चर फुकट देते!" मी हसते. घड्याळाकडे पाहते. अजून वेळ आहे, असं स्वतःला सांगते आणि अशा वाडग्यातली उष्णता कशी मोजता येईल त्याकडे वळते.

तुमचा शेवटचा दिवसही असाच होता, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. दुपारची गर्दी होती आणि तुम्ही डाव घेऊन उभे होतात. कपाळावर घाम होता, पण चुलीपुढे तो रोजच असायचा. मी कॉलेजातून आले तेव्हा तुम्ही पाणी मागितलंत आणि एका नव्या गिऱ्हाइकाला नेहमीच्या उत्साहात सांगितलंत, "खालून हालवा, बाप्पा, वरून कळत नाही." संध्याकाळ तुम्ही पाहिली नाहीत. नंतर डॉक्टर घरी आले आणि आईला म्हणाले, "मी तर त्यांना आठवडाभरापूर्वीच दवाखान्यात भरती व्हा म्हटलं होतं." आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या म्हणून तुम्ही बोलला नाहीत, असं आम्ही पुढे एकमेकींना समजावलं. आईचा त्यावर विश्वास बसला की नाही, हे मला तिच्याकडून कधी कळलं नाही.

माझी आकृती पुरी होत आलेली असताना मुलीने कंटाळून वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि ओठांना लावायला गेली. "नो, नो, थांब!" को ओरडली. हातातला पाव टाकून ती काउंटरवरून अर्धी ओणवी झाली, वाडगा खाली ठेवायला लावला, चॉपस्टिक्स तळापर्यंत खुपसल्या आणि शेवया उचलून उलट्या केल्या. भसकन वाफ आली. मुलीचा चष्मा पांढरा झाला. तो हात कोचा होता आणि तुमचाही होता. मला पुढे आकृती काढता आली नाही.

मुलीने चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय ती मला अजून लहान दिसते. "आई, स्टॉप. तू आल्यापासून सुपावर बोलतेयस आणि एक घास खाल्ला नाहीयेस. काय झालंय?"

"मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. हृदयाचं."

"या मंगळवारी?"

"हो."

"तुला कधीपासून माहितीये?"

मी खरं ते सांगितलं. ती मराठी सोडून इंग्रजीत इतक्या हळू आवाजात बोलली की कोने पाण्याचा नळ बंद केला. तिचं म्हणणं एवढंच होतं: आजोबांची गोष्ट तूच मला सांगितलीस, किती वेळा सांगितलीस; मग माझ्याशी तेच कसं केलंस? तुमच्यापाशी याचं उत्तर होतं का, बाबा? तिने फोन काढून मीटिंग रद्द केली. मग लाल वाडगा माझ्याकडे सरकवला, माझा फो स्वतःकडे ओढला, आणि म्हणाली, "खा आता. हलवलंय त्यांनी." माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, त्यात काय आहे ते न विचारता, मी खाल्लं. तुम्हाला रुचलं नसतं. तिखट अगदी तुमच्या हातचं होतं.

आज सोमवार. ती कालपासून आमच्याकडे राहायला आली आहे. उद्या पहाटे हॉस्पिटलला गाडी तीच चालवणार, असं तिने वडिलांना बजावून टाकलं आहे. रागावलेली आहे, पण राग दिसतो आहे, आणि तो दिसतो याचंच मला बरं वाटतं. तिला मी झडप कशी काम करते ते समजावलं, शस्त्रक्रिया चालू असताना रक्त कसं फिरतं राहतं त्याची आकृती काढून दिली. तिने सगळं ऐकून घेतलं. मला भीती वाटते, एवढं एक वाक्य मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते फक्त या कागदावर आहे. हा कागद ओट्यावर उघडा ठेवावा असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा मी तो परत पर्समध्ये सरकवला.

पण ती स्वयंपाकघरात आहे आणि मी तिला एक प्रयोग मांडायला सांगितला आहे. तो तुमच्या चुलीपाशीही झाला असता, कुणाच्याही घरी होईल. दोन सारखे पेले घ्या. दोन्हींत सारखंच कढत पाणी ओता. एकात चमचाभर तेल सोडा आणि सगळा पृष्ठभाग झाकला गेला आहे ना ते पाहा. थोडा वेळ थांबा. वाफ कोणत्या पेल्यातून येते ते बघा आणि गरम कोणता असेल ते मनाशी ठरवा. मग तेलाच्या पेल्यात चमचा तळापर्यंत घाला आणि हलवा.