मोकळ्या हाताचा पट्टा

२ मार्च, सोमवार

आज भाकरीनं फोन लावला!

नर्मदाकाकूंच्या मनगटाला फोनचा पट्टा बांधून मी घरी आले, तोवर सगळं ठीक होतं. हात दोनदा झटकला की शेवटच्या नंबराला फोन लागतो, हे मीच त्यांना करून दाखवलं. पण भाकरी थापताना हात कसा चालतो, हे पुण्यात बसून पट्टा बनवणाऱ्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तर रोज थापते. काकूंचा शेवटचा नंबर जावयाचा. काकू भाकरी थापताहेत आणि शेजारणीला सांगताहेत — जावई आला की तुपाचा डबा पालथा करून राहतो, लाज म्हणून न्हाई. तिकडे कोनाड्यातल्या फोनवर जावई सगळं ऐकतोय.

संध्याकाळी त्याचा फोन. "मामी, या टायमाला तूप मी घेऊन येतो." काकू सांगताना हसत होत्या की रडत होत्या, कळेना. पट्टा मात्र काढू देईनात. "राहू दे. भाकरीच्या वक्ताला तेवढा काढून ठेवते."

पहिलं गिऱ्हाईक टिकलं.

४ मार्च

पट्ट्याच्या कंपनीतला योगेश पेटी देऊन गेला त्याला आठवडा झाला. मूळचा हिंगोलीचाच, पण कंपनीनं पुण्याला नेला, तेव्हापासून चहा बिनसाखरेचा पितो. त्याचं म्हणणं, हळदीच्या दिवसांत या भागात पट्टा चालला नाही तर कुठंच चालणार नाही. ते खरं आहे. गावभर हळद शिजतेय. सगळ्यांचे हात पिवळे, ओले, चिकट. फोन वाजला तर घ्यायचा कसा? घेतला तरी काच बोट ओळखत नाही. आमच्या शिरड शहापुरात सध्या एकही फोन धड रंगाचा उरलेला नाही.

पट्टे चालले तर कंपनी मला कायम ठेवणार. कायम ठेवलं, तर भागवतदादाला "मी इथंच राहते" म्हणायला मला तोंड राहील. नाहीतर आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला, दादाच्या घरी, वहिनीच्या हाताखाली. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. लेकरूबाळ नाही. दादा दर फोनला तेच म्हणतो, "तिथं तुझं काय ठेवलंय?" सासूबाई ठेवल्यात, मामंजी ठेवलेत, असं तोंडावर येतं. पण बोलता येत नाही.

७ मार्च

मेंढरंवाल्या ग्यानबांनी पट्टा घेतला. मेंढरं वळवायला हात वर केला की फोनची बॅटरी लागते, भर उन्हात! "दिवसाढवळ्या काहून दिवा लावून राहिला ग्यानबा, म्हणून लोक इचारतात," म्हणाले. पण खूश आहेत. एका काखेत कोकरू, एका हातात काठी, आणि तरी लेकीशी बोलणं झालं. ग्यानबा उगाच हसत नाहीत, आज हसले.

११ मार्च

शेजारच्या शिवकन्याच्या हातात पट्टा बांधून पाहिला. दोन वर्षांमागं लग्न होऊन आलेली पोर, मोबाइलमध्ये माझ्यापेक्षा हुशार. तरी पट्टा वेड्यासारखा वागला. आपोआप फोन लावतो, आपोआप तोडतो. तिच्या माहेरी लागला, दुकानदाराला लागला, गॅसवाल्याला लागला.

योगेशला विचारलं. म्हणाला, "बांगड्या आहेत ना हातात? काच पट्ट्यावर आपटली की त्याला वाटतं हात हलला. बांगड्यांच्या वर बांधून जमत नाही, मनगटालाच लागतो. कामापुरत्या काढून ठेवायला सांगा."

कामापुरत्या! हिंगोलीत वाढलेला माणूस, घरी आई आहे, बायको आहे. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

१२ मार्च

माझ्या हातात पट्टा कधीच चुकत नाही.

१७ मार्च, मंगळवार

परवा पाडवा. बांगडीवाली आली, आमच्याच अंगणात बसली. सगळ्या आळीच्या बाया भोवती. सासूबाईंनी दोन्ही हातांत हिरवा चुडा भरून घेतला. हात सुजरे झालेत त्यांचे, बांगडी चढताना दोनदा डोळे मिटले, पण हूं का चूं नाही.

मी पेटी घेऊन बाजूला उभी होते. एवढ्या बाया एका जागी कुठं भेटणार, म्हणून. शिवकन्या म्हणाली, "वैनी, पट्टा लई चांगला हाय. पर त्याच्यासाठी हात मोकळा करावा लागतो नं?" म्हणाली आणि तिची नजर माझ्या मनगटावर आली. बांगडीवालीनं उगाच एक डबा उघडून बंद केला.

तेव्हा मला कळलं, आजवर पट्टा कुणी कुणी घेतला ते. ग्यानबा, दोन गडी, नर्मदाकाकू आणि गावातल्या आणखी दोघीतिघी — आणि त्या सगळ्या माझ्यासारख्याच. नवरा असलेली एकही नाही.

मी पेटी उचलून आत आले. हे गेले त्या दिवशी माझ्या बांगड्या फोडताना बाया घाई करत होत्या. काच लागू नये म्हणून सासूबाईंनी माझा हात खालून आपल्या हातात धरला होता. पोटचा पोरगा अंगणात होता आणि त्या माझं मनगट सांभाळत होत्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

२३ मार्च

पट्ट्याला नाव पडलं. "मोकळ्या हाताचा पट्टा." नळावर ऐकलं. ज्या बाईनं म्हटलं ती वाईट नाही, मला पाहून तिचं तोंड उतरलं. माझी घागर तिनंच भरून दिली.

आता कुणी घेणार नाही.

२६ मार्च

योगेशचा फोन. आवाज मऊ होता, म्हणजे बातमी वाईट. "ताई, गडी न् म्हाताऱ्या वापरतात हे चांगलंच आहे. पण घरोघरच्या बायका वापरणार नसतील तर कंपनी तिथं माणूस ठेवणार नाही. महिनाअखेरीला पेटी घेऊन जातो."

मी त्याला बांगड्यांचं का नाही नीट समजावलं? त्यालाही ठाऊक असणार. पण पट्ट्यात तशी सोय नाही, आणि माझ्या तोंडून ते निघत नाही.

दादाला कळवलं. तो रविवारी न्यायला येतोय. सासूबाई दारातच होत्या, सगळं ऐकलं. हळद पसरायला निघून गेल्या. जेवताना मामंजींनी दोनदा मीठ मागितलं, आणि दोन्ही वेळा मीठ त्यांच्या पुढ्यातच होतं.

२९ मार्च, रविवार

काय लिहू, कुठून लिहू.

दादा सकाळच्या जीपनं आला. माझी बॅग भरलेली. खळ्यावर हळद वाळत होती, पाचसहा बाया उलथीपालथी करत होत्या, म्हणून त्याला मी चहा तिथंच नेला. सासूबाई म्हणाल्या, "दिपाली, साबण आन. पाणी आन." मला वाटलं हात धुवायचेत.

त्यांनी उजव्या हाताला साबण चोळला आणि चुडा उतरवायला लागल्या. पाडव्याला भरलेला! बोटं आवळून, एक एक करून. मी म्हटलं, "आत्याबाई, हे काय करून राहिल्या?" त्यांनी ऐकलं नाही. बायांचे हात थांबले. बांगड्या फडक्यात बांधल्या, कमरेला खोचल्या, आणि उघडं मनगट माझ्यापुढं केलं.

"बांध पट्टा."

साबणानं मनगट निसरडं झालेलं, बंद लागेना. एक म्हातारी बोललीच, "सिंधू, मालक जिता असताना आसं करू नाही बाई." तेवढ्यात मामंजी पोतं घेऊन आले. उभ्या जन्मात चारचौघांत बायकोच्या बाजूनं न बोललेला माणूस. पोतं टाकलं आणि म्हणाले, "मी भुजंग जिता हाय का न्हाई, ते माझ्या तोंडाकडं पाहून ठरवा. तिच्या हाताकडं काहून पाहता?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. दादाकडं वळून म्हणाल्या, "भागवत, पोरीचं काम हाय हितं. तकलीफ घेऊन आलास, जेवून जा."

दादा जेवला. बॅग मी परत रिकामी केली.

३१ मार्च

योगेश पेटी न्यायला आला. सासूबाई खळ्यावर होत्या, हात कोपरापर्यंत हळदीनं भरलेले. त्यांच्या बहिणीचा फोन वाजला. त्यांनी हळद न सोडता मनगट फिरवलं आणि बोलायला लागल्या — मोठ्यानं, फोन दहा हात लांब असल्यागत. होताही तेवढाच लांब. योगेशनं त्यांच्या दुसऱ्या हातातला चुडा पाहिला, मग पट्टा पाहिला. मग चहात साखर घालून प्यायला.

पेटी न्यायची राहिली. हळदीचा हंगाम संपेपर्यंत थांबू म्हणाला, वरती बोलतो म्हणाला.

३ एप्रिल

शिवकन्यानं घेतला! फक्त खळ्यावर घालते, घरी शिरताना काढून बांगड्या चढवते. तिची सासू बडबडते, पण परवा तिनंच सुनेला सांगितलं, "तुझ्या पट्ट्यावरून जरा माझ्या भावाला फोन लाव." आणखी दोघी विचारून गेल्या.

सगळ्या घेणार नाहीत. काहींना ते कधीच पटणार नाही, आणि त्यांचा मला राग येत नाही. माझाच हात असा नसता, तर मी तरी काढल्या असत्या का बांगड्या?

५ एप्रिल

सासूबाईंच्या बांगड्या देवळीत फडक्यात तशाच आहेत. मी रोज म्हणते, "आत्याबाई, काम झाल्यावर तरी चढवा." म्हणतात, "राहू दे. माझ्या हातानं एकदा उतरल्या, आता त्या माझ्या न्हाईत." मला वाटलं, रुसल्या. मामंजींना विचारलं, तर ते म्हणाले, "तिच्या मनात काय हाय ते तिलाच इचार," आणि बैलाकडं निघून गेले.

९ एप्रिल

सकाळी देवळी रिकामी दिसली. सासूबाईंनी मला पुढ्यात बसवलं, साबण लावला, आणि माझं मनगट खालून धरलं — तसंच, त्या दिवशीसारखं. "लागलं तर सांग," एवढंच म्हणाल्या.

योगेशला फोन करायचाय. माझ्या हातात पट्टा आता चालत नाही. बांगड्या वाजतात.